श्रद्धेची भाषा आणि ऐकणाऱ्याचा अधिकार

१

धर्मश्रद्धेविषयी रोजच्या भाषेत बोलावे, ही अपेक्षा इतकी सर्वमान्य आहे, की तिच्यात एखादा तात्त्विक प्रश्न दडलेला असेल अशी शंका सहसा कोणी घेत नाही. सिद्धान्त अवघड असतात, ऐकणारे सामान्य असतात, म्हणून सिद्धान्त सोपे करून सांगावेत, असा हा सरळ हिशेब आहे. या हिशेबात भाषेला पात्राचे स्थान मिळते. आशय आधीच सिद्ध आहे. तो चांदीच्या भांड्यात द्यायचा की मातीच्या, एवढाच निर्णय उरतो. ख्रिस्ती ईश्वरविज्ञानाच्या संदर्भात ही धारणा विशेष बळकट आहे, कारण तेथे सिद्धान्ताची शब्दयोजना शतकानुशतके वाद घालून, धर्मपरिषदा भरवून निश्चित केलेली आहे. निश्चित झालेले रोजच्या बोलण्यात उतरवायचे म्हणजे काही प्रमाणात पातळ करायचे, असे मानणारा एक पक्ष आहे. आणि पातळ झाले तरी चालेल, पण पोचले पाहिजे, असे मानणारा दुसरा. दोन्ही पक्षांचे एका गोष्टीवर एकमत आहे. अर्थाचा स्वामी बोलणारा आहे; ऐकणाऱ्याने तो केवळ ग्रहण करायचा आहे.

हे गृहीतक तपासण्यासाठी मराठीइतके सोयीचे क्षेत्र क्वचितच सापडेल. चारशेहून अधिक वर्षे ख्रिस्ती श्रद्धा मराठीत आणि तिच्या शेजारच्या कोकणीत बोलली, लिहिली व गायिली जात आहे. या काळात शब्दांच्या निवडीचे जे निरनिराळे निर्णय घेतले गेले, त्यांकडे भाषांतराच्या सोयीगैरसोयीचा इतिहास म्हणून पाहण्याची पद्धत आहे. ते नैतिक निर्णय होते, आणि ‘अर्थ ठरवण्याचा अधिकार कोणाचा?’ हा त्या सर्वांच्या मुळाशी असलेला प्रश्न होता, असे येथे प्रतिपादन करायचे आहे.

एक पूर्वपीठिका आवश्यक आहे. नव्या कराराची ग्रीक भाषा अभिजात ग्रीकहून वेगळी असल्याचे अभ्यासकांना पूर्वीपासून जाणवत होते. ही ईश्वरी संदेशासाठी घडलेली खास ग्रीक असावी, असा तर्कही एकेकाळी केला जात असे. एकोणिसाव्या शतकात इजिप्तमध्ये पपायरसांचे मोठे साठे सापडले. त्यांत पावत्या, करारनामे, सैनिकांची घरी पाठवलेली पत्रे, कर्जरोखे होते. त्यांच्या आधारे आडॉल्फ डाइसमान या जर्मन अभ्यासकाने १९०८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखवून दिले, की ज्यांना ईश्वरविज्ञानाच्या संज्ञा म्हणून ओळखले जाते, त्यांतील कितीतरी शब्द तत्कालीन बाजाराचे, कचेरीचे आणि घरगुती व्यवहाराचे होते. म्हणजे या श्रद्धेच्या बाबतीत आधी सिद्धान्ताची भाषा व मग तिचे सुलभीकरण, असा क्रम मुळात नव्हताच. आधी रोजची भाषा होती. सिद्धान्त तिच्यातून घडले. मग रोजच्या भाषेत बोलणे हे सिद्धान्तापासून खाली उतरणे कसे ठरते? ते सिद्धान्ताच्या उगमाकडे परतणे ठरते. परंतु परतण्यातही एक अडचण आहे. पहिल्या शतकातील ग्रीक बाजार आणि मराठी बाजार एक नाहीत. प्रत्येक भाषेचा ‘रोज’ वेगळा असतो, आणि एकाच भाषेत तो सर्वांचा सारखा नसतो.

२

फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला आणि १६१९ मध्ये तेथेच निवर्तला. त्याचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाच्या भाषेविषयी मराठी समीक्षेने पुष्कळ लिहिले आहे, आणि ते बहुधा गौरवाच्या सुरात. त्या गौरवात एक गोष्ट मागे पडते. स्टीफन्सच्या नावावर दुसरेही एक पुस्तक आहे. ते प्रश्नोत्तररूप ख्रिस्ती शिकवणुकीचे असून १६२२ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले. त्याची भाषा मात्र कोकणी आहे. एकाच लेखकाने एकाच समाजासाठी धर्माचे पाठ कोकणीत आणि धर्माचे पुराण मराठीत लिहिले. श्रद्धेची जी सूत्रे प्रत्येकाला तोंडी म्हणता यावीत त्यांसाठी घरात बोलली जाणारी भाषा, आणि जी कथा एकत्र बसून ऐकायची तिच्यासाठी पुराणश्रवणाच्या परंपरेने ओळखीची झालेली भाषा, अशी ही विभागणी होती.

पुराणाच्या गद्य प्रस्तावनेत स्टीफन्सने या निवडीचे कारण दिले आहे. ईश्वरी विषय मांडण्यास या प्रदेशातील भाषांमध्ये मराठी योग्य वाटली. परंतु शुद्ध मराठी मध्यम प्रतीच्या लोकांना कळत नाही, म्हणून जुन्या कवींचे अवघड शब्द टाकून ठिकठिकाणी ब्राह्मणांच्या बोलीतील सोपे शब्द मिसळले, असा त्या निवेदनाचा आशय आहे. योग्यता आणि सुगमता या दोन निकषांमधील ताण येथे स्पष्टपणे नोंदला गेला आहे. शिवाय सुगमतेसाठी घेतलेली बोली ही विशिष्ट जातीची बोली आहे. ‘सोपे’ म्हणताना ते कोणाला सोपे, हा प्रश्न ख्रिस्ती मराठीच्या पहिल्याच मोठ्या ग्रंथात असा उभा राहतो.

या ग्रंथाच्या उत्पत्तीचे जे कारण खुद्द काव्यात येते, ते अधिक महत्त्वाचे आहे. नव्याने ख्रिस्ती झालेल्या श्रोत्यांपैकी एक जण पाद्रीला विचारतो, की आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी आम्हांला दुसरे पुराण का देत नाही? हा प्रसंग प्रत्यक्ष घडला की तो काव्यरचनेचा संकेत आहे, हे ठरवण्याची येथे गरज नाही. ग्रंथाने आपले समर्थन कोठे शोधले ते लक्षणीय आहे. धर्मसत्तेच्या आज्ञेतून वा सिद्धान्ताच्या निकडीतून ते समर्थन येत नाही. ऐकणाऱ्याच्या तक्रारीतून येते. ज्या राजवटीत स्थानिक धर्मग्रंथ जप्त होत होते, तेथे ही तक्रार नोंदवून तिच्या आधारावर ग्रंथ उभारणे यात श्रोत्याच्या अधिकाराची, अपुरी का होईना, कबुली आहे. ती किती अपुरी होती ते पुढे दिसले. १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने हुकूम काढून स्थानिक लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलावे असे फर्मावले. हुकमाने भाषा मेली नाही; परंतु ज्या सत्तेच्या छायेत श्रद्धा लोकभाषेत बोलली गेली, तीच सत्ता ती भाषा परत मागू शकते, एवढे त्याने सिद्ध केले. लोकभाषेत बोलणे ही जोवर बोलणाऱ्याने दाखवलेली कृपा असते, तोवर ती काढूनही घेता येते.

३

हाच प्रश्न एकोणिसाव्या शतकात पंडिता रमाबाईंनी उलट्या बाजूने, म्हणजे ऐकणारीच्या बाजूने विचारला. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटिज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर आपल्या धर्ममाता सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, त्यात त्रैक्यासारख्या सिद्धान्तांविषयीचे मतभेद आहेत, आणि त्यांच्याबरोबरीने क्रुसावरील अक्षरांचाही वाद आहे. क्रुसावर लॅटिन शब्द कोरलेले होते. जी भाषा स्वतःला आणि आपल्या देशभगिनींना कळत नाही, तिच्यातील अक्षरे आपण का धारण करावीत, संस्कृतापेक्षा लॅटिन अधिक पवित्र आहे काय, असा रमाबाईंच्या हरकतीचा रोख होता. वरवर पाहता ही क्षुल्लक बाब आहे. परंतु रमाबाईंच्या दृष्टीने त्रैक्याविषयीचा मतभेद आणि क्रुसावरील अक्षरे यांत अंतर नव्हते. न समजलेला सिद्धान्त मान्य करणे आणि न समजणारी अक्षरे गळ्यात घालणे या दोन्ही ठिकाणी सदसद्विवेकबुद्धी दुसऱ्याच्या स्वाधीन होते, हीच त्यांची तक्रार होती.

त्या वेळी त्यांनी लॅटिनच्या जागी मागितली ती संस्कृत. पुराणिकाच्या कन्येला ती घरचीच होती. आयुष्याच्या उत्तरार्धात केडगावच्या मुक्ति मिशनमध्ये त्यांनी हिब्रू व ग्रीक शिकून मूळ भाषांतून बायबलचे मराठी भाषांतर केले, तेव्हा त्यांचा निकष बदललेला होता. दुष्काळातून आलेल्या, अक्षरओळखही नसलेल्या मुली आणि विधवा आता त्यांच्यासमोर होत्या. प्रचलित भाषांतरातील संस्कृतप्रचुर शब्द त्यांना या स्त्रियांसाठी अडथळा वाटू लागले. वेदान्ताच्या छटा वाहून आणणाऱ्या शब्दांविषयीही त्या सावध होत्या. १९२२ मध्ये मृत्यूपूर्वी त्यांनी हे काम पुरे केले आणि १९२४ मध्ये ते प्रसिद्ध झाले. इंग्लंडमध्ये संस्कृतची बाजू घेणाऱ्या विदुषीने केडगावात संस्कृत बाजूला ठेवावे, यात विसंगती नाही. निकष एकच होता, ऐकणारी बदलली होती. लॅटिनविषयी जी हरकत रमाबाईंनी स्वतःसाठी घेतली, तीच संस्कृतविषयी मुक्तीतील स्त्रीच्या वतीने त्यांनी स्वतःविरुद्ध घेतली.

त्याच काळात रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) दुसरी वाट धरली. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने ख्रिस्ताला गुरू म्हटले, माउली म्हटले, आणि अभंगाचे व भजनाचे वळण ख्रिस्ती उपासनेत आणले. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, हे त्यांचे सांगणे प्रसिद्ध आहे. रमाबाईंना ज्या स्मृती शब्दांतून दूर ठेवाव्याशा वाटल्या, त्यांवरच टिळकांची भिस्त होती. मराठी समीक्षेने सामान्यतः टिळकांच्या पारड्यात वजन टाकले आहे, कारण देशी परंपरेशी सांधा जुळणे हे साहित्यिक मूल्य म्हणून तिला लगेच पटते. पण नैतिक प्रश्न या पसंतीने मिटत नाही. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) परिसरात अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्यांत आलेल्यांमध्ये महार आणि मांग समाजांतील लोकांचे प्रमाण फार मोठे होते. भक्तिपरंपरेची भाषा त्यांचीही होती. चोखामेळा त्यांचा होता. परंतु पंढरपूरच्या मंदिराचे दार त्यांच्यासाठी १९४७ पर्यंत बंद होते आणि साने गुरुजींच्या उपोषणानंतर ते उघडले. ‘माउली’ हा शब्द ऐकताना कोणाला गाभारा आठवेल, कोणाला पायरी. रोजच्या भाषेतला शब्द जितका जिवंत, तितक्या त्याच्या आठवणी ऐकणाऱ्यागणिक वेगळ्या. टिळकांची वाट म्हणून चुकीची ठरत नाही, आणि रमाबाईंची कोरडी ठरत नाही. रमाबाईंनी शब्दांच्या आठवणींना भिऊन पावले टाकली, टिळकांनी त्यांच्यावर विश्वास टाकला. आठवणी कोणाच्या, हे विचारणे दोघांनाही चुकवता येणार नव्हते.

४

आता प्रत्यक्ष शब्दांकडे वळले पाहिजे, कारण सर्वसाधारण विधानांनी हा प्रश्न सुटत नाही.

मत्तयाच्या शुभवर्तमानातील प्रभूच्या प्रार्थनेत जो ग्रीक शब्द येतो, त्याचा सरळ अर्थ ‘देणे’, ‘फेडायची रक्कम’ असा आहे. लूकच्या पाठात त्या जागी ‘पाप’ आहे. येशूच्या अरामी भाषेत देणे आणि पाप या दोहोंसाठी एकच शब्द वापरला जात असे. प्रचलित मराठी बायबलने मत्तयात ‘ऋण’ हा शब्द घेतला. शब्द अचूक आहे आणि गंभीर आहे. परंतु मराठी माणूस ऋण काढत नाही, तो कर्ज काढतो. ‘ऋण’ हे देवांचे, ऋषींचे, पितरांचे असते, मातृऋण असते, ते फेडण्यात धन्यता असते आणि फिटत नाही हे सांगण्यातही धन्यताच असते. कर्जाचे तसे नाही. कर्ज डोक्यावर असते, व्याजाने वाढते, त्यापायी जमीन जाते. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी सावकारांवर उठले आणि दंगे अहमदनगर जिल्ह्यातही पसरले. त्यांचा रोख मुख्यतः कर्जरोख्यांवर होता. कागद हिसकावून जाळणे हे त्या उठावाचे वैशिष्ट्य ठरले. या घटनेची दखल घेऊन १८७९ मध्ये सरकारला शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा करावा लागला. ज्या मुलखात मिशनच्या शाळा आणि मंडळ्या होत्या, तोच हा मुलूख. तेथे दर रविवारी ‘ऋण’ सोडण्याची प्रार्थना म्हटली जात होती. त्या जागी ‘कर्ज’ म्हटले असते तर काय ऐकू आले असते, हा नुसता कल्पनेचा खेळ ठरत नाही. देव कर्ज सोडतो आणि सोडवून घेणाऱ्याने दुसऱ्याचेही सोडायचे असते, हे वाक्य सावकाराच्या ओसरीवर नेले असते, तर ते धार्मिक वाक्य राहिले नसते असे कोणी म्हणेल. उलट, मूळ वाक्य पहिल्यांदा उच्चारले गेले तेव्हा गालीलातील कर्जबाजारी शेतकऱ्यांच्या कानांवर ते असेच पडले असावे, असे म्हणण्यास पुरेशी जागा आहे.

‘कर्ज’ या शब्दाचे आजचे आयुष्यही याच दिशेने विचार करायला लावते. २००८ मधील केंद्राची आणि २०१७ मधील महाराष्ट्र शासनाची योजना यांनंतर ‘कर्जमाफी’ हा शब्द गावोगावच्या बोलण्यात रुजला. त्याच्यामागोमाग ‘पात्र’ आणि ‘अपात्र’ हे शब्द आले, याद्या आल्या, निकष आले, आणि नियमित फेडणाऱ्याचे काय चुकले, हा रास्त प्रश्न आला. ईश्वरी कृपा पात्रतेवर अवलंबून आहे काय, पात्रता मिळवता येते की तीही कृपेनेच मिळते, आणि प्रामाणिकपणे राबणाऱ्याला यात अन्याय वाटला तर त्याला काय उत्तर द्यायचे, हे प्रश्न पाचव्या शतकात ऑगस्टीन आणि पेलॅजिअस यांच्या वादाने ख्रिस्ती जगापुढे आणले होते. द्राक्षमळ्यातील मजुरांच्या दृष्टान्तात दिवसभर राबलेला मजूर याच कारणासाठी कुरकुरतो. सहकारी सोसायटीच्या कट्ट्यावर बसलेला शेतकरी हा वाद न वाचताही त्यातील मर्म बोलून दाखवतो. मात्र तुलनेची मर्यादाही येथेच दिसते. शासन जे माफ करते त्याचा भार करदात्यांवर पडतो. माफ करणाऱ्याला स्वतःला काही सोसावे लागत नाही. ख्रिस्ती श्रद्धेचे म्हणणे असे, की येथे माफ करणाराच भरपाई सोसतो. रोजचा शब्द सिद्धान्ताच्या दाराशी नेऊन सोडतो आणि सिद्धान्त त्या शब्दाहून कोठे वेगळा आहे, हेही तोच दाखवून देतो. ‘ऋण’ या शब्दाने हे दुसरे काम होत नाही, कारण त्याच्याशी कोणी वाद घालत नाही.

दुसरा शब्द ‘खंडणी’. मानवपुत्र आपला जीव पुष्कळांसाठी मोल म्हणून देतो, या मार्काच्या वचनात ग्रीकमध्ये जो शब्द आहे, तो गुलाम किंवा युद्धकैदी सोडवण्यासाठी भरलेल्या रकमेचा वाचक आहे. मराठी बायबलने त्यासाठी ‘खंडणी’ हा शब्द योजला. ज्या काळात तो रूढ झाला, त्या काळातील वाचकाच्या मनात मराठेशाहीच्या मोहिमा होत्या. शहर लुटले जाऊ नये म्हणून चालून आलेल्या सैन्याला द्यायची रक्कम म्हणजे खंडणी. आज वर्तमानपत्र वाचणाऱ्याला त्या शब्दाने गुंडांची टोळी, धमकीचा फोन आणि पोलिसांचे खंडणीविरोधी पथक आठवते. शब्द घसरला आहे, तो बदलावा, अशी सूचना सुशिक्षित धर्मोपदेशक सहज करील. परंतु आजचा साधा ऐकणारा हा शब्द ऐकताच विचारतो : खंडणी मागितली कोणी? ती कोणाला पोचली? देवाने मागितली म्हणावे, तर देव खंडणीखोर ठरतो. सैतानाला दिली म्हणावे, तर देव त्याच्यापुढे नमतो.

या शंकेला अडाणीपणा समजून हसण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्यावी. तिसऱ्या शतकात ओरिजेनने हाच प्रश्न विचारला होता, आणि हे मोल देवाला दिले गेले नसावे, दुष्टाला दिले गेले असावे, असे उत्तर दिले होते. चौथ्या शतकात नाझिआन्झसच्या ग्रेगरीने हाच प्रश्न पुन्हा विचारून दोन्ही उत्तरे नाकारली : लुटारूला मोल देणे लाजिरवाणे आहे, आणि पित्याने आपल्याला कैदेत ठेवलेलेच नव्हते. अकराव्या शतकाच्या अखेरीस अॅन्सेल्मने ‘देव मनुष्य का झाला’ या प्रश्नावरील आपल्या ग्रंथात मोलाची कल्पना बाजूला सारून, देवाच्या सन्मानाचे जे देणे मनुष्याकडून थकले त्याच्या पूर्तीची मीमांसा मांडली. आठशे वर्षे ईश्वरविज्ञानाने ज्या प्रश्नाशी झुंज दिली, तो प्रश्न मराठी शब्द एका श्वासात उपस्थित करतो. येथे ‘खंडणी’ऐवजी एखादा निरुपद्रवी, फक्त चर्चमध्येच वापरला जाणारा शब्द ठेवला, तर गैरसमज टळेल; त्याबरोबर प्रश्नही टळेल. आणि ज्याला प्रश्न पडण्याची सोय ठेवलेली नाही, त्याचा होकार हा होकार राहत नाही.

तिसरे उदाहरण शब्दाचेही नाही, सर्वनामाचे आहे. जुन्या मराठी बायबलमध्ये येशू ‘तो’ आहे. ‘तो म्हणाला’, ‘त्याने हात लावला’. अलीकडच्या लेखनात आणि प्रवचनांत ‘ते म्हणाले’ असा आदरार्थी प्रयोगही आढळतो, आणि त्यामागील भावना समजण्याजोगी आहे. परंतु मराठीत ‘ते’ कोण असतात? वडीलधारे, गुरुजी, साहेब, महाराज. ‘तो’ कोण असतो? देव, राम, कृष्ण, विठोबा हे सगळे ‘तो’च. शिवाय लहान मूल ‘तो’, आणि ज्याला कोणी मान देत नाही तो गडी, मजूर, भिकारीही ‘तो’. म्हणजे मराठीचे हे सर्वनाम सर्वांत वरच्याला आणि सर्वांत खालच्याला एकत्र ठेवते आणि मधला प्रतिष्ठितांचा थर तेवढा वगळते. येशू खरा देव आणि खरा मनुष्य आहे, हे ४५१ मध्ये कॅल्सिडनच्या परिषदेने मोठ्या सायासाने सूत्रबद्ध केले; तो देवाच्या रूपाचा असून त्याने दासाचे रूप घेतले, हे पौलाने त्याआधी चारशे वर्षे लिहिले होते. मराठीत ‘तो’ म्हटल्याने यांतले पुष्कळसे आपोआप साधते. ‘ते’ म्हटल्याने येशू प्रतिष्ठित होतो, आणि देव व दास या दोन्ही टोकांपासून सारखाच दूर जातो. आदर दाखवण्याच्या ओघात सिद्धान्तच बदलतो, आणि बदलला हे बोलणाऱ्याच्या लक्षातही येत नाही.

५

यावर एक गंभीर आक्षेप शक्य आहे. रोजची भाषा निरागस नसते. तिच्यात जातींची उतरंड आहे, स्त्रीविषयीची तुच्छता आहे, पापपुण्याचा जमाखर्च आहे. अशा भाषेच्या स्वाधीन श्रद्धा केली, तर श्रद्धा भाषेला बदलण्याऐवजी भाषाच श्रद्धेला आपल्यासारखी करून टाकील. परिभाषा ही नुसती विद्वानांची मिरास नव्हे. तिने अर्थाला कुंपण घातले म्हणून तो टिकला. हा आक्षेप बव्हंशी खरा आहे. रमाबाईंची सावधगिरी त्यातूनच आली होती.

परंतु त्याचे उत्तर एका मराठी पुस्तकात सापडते, आणि ते पुस्तक ईश्वरविज्ञानाचे नाही. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झाली. पती ख्रिस्ती झाल्यावर काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिलेली, सोवळ्याओवळ्यात वाढलेली ही स्त्री १९०० मध्ये स्वतः बाप्तिस्मा घेते. मधल्या काळातील तिचे अंतःकरणाचे स्थित्यंतर वाचकाला सांगितले जाते ते पाणी, जेवण, चूल आणि शिवाशिव यांच्या भाषेत. भेद माणसांनी केले, देवाने नाहीत, हा तिचा निष्कर्ष कोणाच्या हातचे पाणी प्यायचे या प्रश्नातून येतो आणि पाणी पिऊनच सिद्ध होतो. ‘पश्चात्ताप’, ‘नवजन्म’, ‘तारण’ यांसारख्या संज्ञांवर कथनाचा भार टाकलेला नाही. ज्या शब्दांत भेद बसलेला होता, त्याच शब्दांत तो मोडलेला दिसतो. ‘सोवळे’ हा शब्द टाळून सोवळ्याचा अंत सांगता आला नसता. रोजची भाषा दूषित आहे, हे तिच्यापासून दूर राहण्याचे कारण ठरत नाही. दोष जेथे आहे तेथेच त्याचा निरास व्हावा लागतो. निवेदनातील विनोदही येथे दुर्लक्षू नये. लक्ष्मीबाई स्वतःच्या श्रद्धेविषयी बोलताना वाचकाला हसण्याची मुभा देतात, म्हणजेच न पटण्याचीही देतात.

रोजच्या भाषेत बोलण्याचा नैतिक निकष यावरून स्पष्ट करता येईल. सोपेपणा हा तो निकष नाही. सोपी भाषा आज्ञा देण्यासाठीही वापरली जाते; प्रचारकाची आणि जाहिरातदाराची भाषा बहुधा सोपीच असते. उलट बोलण्याची सोय हा निकष आहे. ज्या शब्दांत बोलणारा बोलतो, त्याच शब्दांत ऐकणाऱ्याला शंका, नकार, थट्टा आणि दुरुस्ती करता येते काय? परिभाषेत तसे करता येत नाही, कारण तेथे ऐकणाऱ्याला आधी शब्दच बोलणाऱ्याकडून उसने घ्यावे लागतात. ‘कर्ज’, ‘खंडणी’, ‘तो’ हे शब्द मात्र त्याचे स्वतःचे आहेत. त्यांचे अर्थ त्याने चर्चमध्ये शिकलेले नाहीत, आणि म्हणून चर्चला ते हुकमाने बदलताही येत नाहीत.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ च्या दस्तऐवजाने उपासनेत लोकभाषांना वाट मोकळी करून दिली. महाराष्ट्रातील कॅथलिक उपासना त्यानंतर लॅटिनमधून मराठीत आली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ २०१० मध्ये प्रसिद्ध झाले, आणि २०२० मध्ये ते अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. ख्रिस्ती मराठी मध्यवर्ती मराठी साहित्यव्यवहाराला परकी राहिली नाही, याची ही खूण मानण्यास हरकत नाही. पण वसईतल्या कुटुंबात घरी सामवेदी वा वाडवळी बोली बोलली जाते आणि चर्चमध्ये प्रमाण मराठी. तेथे लॅटिनची जागा मराठीने घेतली, हे खरे असले तरी घर आणि उपासना यांमधील अंतर नाहीसे झाले नाही, कमी झाले. स्टीफन्सच्या काळी कोकणी आणि मराठी यांत जी विभागणी होती, तिचेच हे दुसरे रूप आहे. ‘लोकांच्या भाषेत’ हा शब्दप्रयोग जेव्हा जेव्हा समाधानाने उच्चारला जातो, तेव्हा त्या लोकांमधून कोणीतरी वगळले गेलेले असण्याचा संभव असतो.

ईश्वरविज्ञान मूलतः ईश्वराविषयी बोलण्याचे शास्त्र आहे, आणि बोलणे एकट्याने होत नाही. ज्या श्रद्धेचा दावा असा, की ईश्वराने स्वतः माणसाचे शरीर आणि एका खेड्याची बोली स्वीकारली, तिला ऐकणाऱ्याच्या शब्दांना भिण्याचे कारण नाही. तिने भ्यावे ते ऐकणाऱ्याच्या मौनाला. मंडळीतला एखादा म्हातारा प्रवचन संपल्यावर ‘पण ही खंडणी गेली कोणाकडे?’ असे विचारतो, तेव्हा त्याला समजले नाही असे समजण्याची चूक होऊ नये. तेथे उपदेश संपलेला असतो आणि ईश्वरविज्ञान सुरू झालेले असते.